यांचा रणगाडा कोणता

माझ्या नवऱ्यानं चोवीस वर्षं फौजेत रणगाडा चालवला, आणि तो कोणता होता हे मला माहीत नव्हतं. आतापर्यंत हे मी गावात कुणाला सांगितलेलं नाही. सांगणार तरी कोणत्या तोंडानं? दर पंधरा ऑगस्टला नि सव्वीस जानेवारीला मला स्टेजवर खुर्ची मिळते, नारळ मिळतो, 'जवानाची पत्नी' म्हणून हातात माईक मिळतो. मंग मी 'सीमेवर डोळ्यांत तेल घालून' वगैरे घडाघडा बोलते. जाफराबादच्या आसपासच्या तीन शाळांत माझं ते भाषण झालंय. एखाद्या पोरीनं उठून विचारलं असतं, 'बाई, तुमचे मिस्टर कोणता रणगाडा चालवतात?' तर तिथंच माझी फजिती झाली असती. पण आमच्याकडं पोरं प्रश्न विचारत नाहीत. तशी सवय आम्ही मास्तर लोकांनीच लावलीय.

हे दफेदार म्हणून रिटायर होऊन घरी आले आणि दीड वर्षात लकव्यानं गाठलं. सकाळी दाढी करता करता खाली बसले ते बसलेच. उजवा हात गेला, उजवा पाय ओढत चालायला लागला, आणि बोलणं गेलं. बोलणं गेलं म्हणजे सगळं गेलं असंही नाही. एक शब्द तेवढा मागं राहिला. बराबर.

भूक लागली का? बराबर. मंग नंतर जेवता का? बराबर. भेटायला येणारे विचारायचे, "आता बरं वाटून राह्यलं ना?" हे म्हणायचे, "बराबर." ते लोक चपला घालताना मला सांगायचे, "चांगले बोलत्यात की वो, उगं काळजी करता." माझ्या अंगाचा असा तिळपापड व्हायचा! जालन्याच्या डॉक्टरांनी मला नीट समजावलं होतं. यांना समजतं सगळं, कळतं सगळं, फक्त शब्द सापडत नाहीत. जो सापडतो तोच बाहेर पडतो. आपण काय म्हणायला गेलो आणि काय म्हणालो, हेही त्यांना कळतं. हे शेवटचं डॉक्टरांनी सांगितलं नसतं तर बरं झालं असतं, कारण त्यानंतर दर 'बराबर'ला मी यांच्या डोळ्यांकडं बघायला लागले.

व्यायाम शिकवणाऱ्या मॅडमनी सांगितलं, बोटांना बारीक काम द्या. मण्यांची माळ ओवा, डाळ निवडा. माझ्या सासूबाईंनी लगेच ताटात तुरीची डाळ ओतून समोर ठेवली. यांनी डाव्या हातानं दोन खडे काढले, आमच्या दोघींकडं बघितलं आणि ताट सरळ भिंतीवर भिरकावलं. घरभर डाळ. सासूबाई वेचता वेचता रडायला लागल्या, "कुणाचा घोडा जात नव्हता माझ्या लेकाच्या पुढं, आता डाळ निवडाय बसीवला." मी त्यांच्यावर ओरडले, यांच्यावर ओरडले, आणि मंग स्वतःच डाळ वेचायला बसले.

पुढच्या खेपेला मॅडमना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "आवडीचं काहीतरी द्या ना. काय करायचे ते?"

"रणगाडा चालवायचे."

"मग रणगाडाच द्या," असं म्हणून त्या हसल्या. त्यांची गंमत झाली. पण मी एसटीत बसून जाफराबादेपर्यंत तेच घोकत आले.

आमची लेक पुण्यात नर्सिंगला आहे. तिला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "अगं मम्मी, खरंच मिळतात तसे. प्लास्टिकचे सुटे तुकडे येतात डब्यात, चिकटवून जोडायचे. खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्शाचे, अगदी हुबेहूब. पण पप्पांचा कोणता मागवायचा?"

"तुला माहीत असेल ना."

ती म्हणाली, "हिरवा होता, मम्मी."

आता बोला! मायलेकी दोघी एकाच माळेचे मणी. मी म्हटलं, तू तुझा अभ्यास कर, मी बघते.

रविवारी दुपारी मोबाइल घेऊन बसले. मला वाटलं होतं रणगाडा म्हणजे रणगाडा, आणि असून असून चार प्रकार असतील. ते पान वर सरकवत गेले तर संपेचना. जर्मनीचे, रशियाचे, अमेरिकेचे, जुन्या लढाईतले, आजचे. नुसती अक्षरं आणि आकडे. एकाच नंबराचे पाच-पाच, पुढं एखादं अक्षर जास्त. तासाभरात डोळे चुरचुरायला लागले. शेवटी आजचे आणि आपल्या फौजेतले एवढेच ठेवले, तेव्हा तीन उरले. टी-७२, टी-९० आणि अर्जुन. म्हटलं, चला, तिघांतून एक निवडायचा, एवढी काय अक्कल लागते.

फौजेची कागदपत्रं काढली. त्यात 'ड्रायव्हर' होतं, आणि त्यापुढं कसलीशी इंग्रजी अक्षरं होती, ती मला काही लागली नाहीत. फोटो काढले. यांच्या अंगावर वर्दी असलेले फोटो चिक्कार, पण रणगाड्यासोबतचा एकच. तो खंडेनवमीचा. त्या दिवशी पलटणीत हत्यारांची पूजा असते, तशी रणगाड्यांचीही असते. हे हातात पूजेचं ताट घेऊन उभे आणि मागं रणगाडा म्हणजे काय, तर सगळे झेंडूचे हार, केळीचे खुंट, नळीला गुंडाळलेलं लाल कापड. चाकांवरून पत्र्याचा पडदा सोडलेला. त्या फोटोत रणगाडा कमी आणि झेंडू जास्त. मी भिंग घेऊन बघितलं, काही उपयोग झाला नाही.

आणि तेव्हा मला टाचण वही आठवली. फार जुनी गोष्ट, लेक तान्ही असतानाची. हे सुट्टीवर आल्ते. मी दुसऱ्या दिवशीचं पाठाचं टाचण लिहून पलंगावर वही ठेवली होती. कसा कोण जाणे, यांना सांगायचा हुरूप आला. "हे बघ, मी इथं बसतो, इथून दिसतं, हे चाक असं फिरतं," म्हणत म्हणत यांनी माझ्या टाचण वहीत निळ्या पेनानं अख्खा रणगाडा काढला. चाकं, साखळी, नळी, सगळं. मी स्वयंपाकघरातून आले आणि बघितलं. उद्या केंद्रप्रमुख वही तपासायला येणार आणि हे चित्र! मी असं काही बोलले की विचारू नका. ते पान फाडलं, चुरगाळलं आणि चुलीत घातलं. हे उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसले. त्यानंतर कधी काही विचारलं तर म्हणायचे, "सरकारी गोष्ट हाय, तुला काय करायचं." आणि खरं सांगते, मी फार विचारलंही नाही. सुट्टीत माणूस आला की माझी यादी तयार असायची. गॅसचा नंबर, लेकीचा दाखला, सासूबाईंचे डोळे. त्या पानावर यांनी चाकं किती काढली होती, हे आठवायचा मी त्या रविवारी जिवापाड प्रयत्न केला. नाही आठवलं.

शेवटी म्हटलं, यांनाच दाखवू. खुर्चीजवळ बसले, टी-७२ चा फोटो समोर धरला. "अहो, हा का?"

"बराबर."

टी-९० धरला. "का हा?"

"बराबर."

अर्जुन धरला. "बराबर." दर वेळी डोळे वेगळं काही सांगत होते, पण काय सांगत होते ते मला वाचता येईना. मंग मी एक पाप केलं. मोबाइलमध्ये जेसीबीचा फोटो काढला आणि तोच आवाज ठेवून विचारलं, "मंग हा का?"

"बराबर," हे म्हणाले, आणि तोंडातून शब्द गेल्या गेल्या त्यांनी माझ्याकडं बघितलं. आपली परीक्षा घेतली गेली आणि आपण नापास झालो, हे त्यांना कळलं होतं. वीस वर्षं पोरांच्या परीक्षा घेतेय, पण अशी लाज मला कधी वाटली नव्हती. मोबाइल उलटा ठेवून मी उगाच त्यांच्या पायाला तेल लावत बसले.

कुणी म्हणेल, यांच्या दोस्तांना विचारायचं. यांचा मोबाइल उघडायला बोटानं नक्षी काढावी लागायची, ती यांनाच आता येत नव्हती. पण हे निमित्त झालं. मनात आणलं असतं तर नंबर मिळाला असता. फोन करून काय बोलू? 'नमस्कार, माझे मिस्टर चोवीस वर्षं काय चालवत होते हो?' आणि यांना लकवा मारलाय, हेही मी त्यांच्यातल्या कुणाला कळवलं नव्हतं. बरे झाले की सांगू, असं म्हणत म्हणत आठ महिने घालवले होते. माणसाचा ताठा बघा, घर बुडालं तरी पाण्यावर तरंगतोच.

शेवटी सासूबाईंना तिन्ही फोटो दाखवले. त्या चष्मा लावून वाकल्या. त्यांच्या माहेरी बैल पारखायला त्यांनाच बोलवायचे. त्यांनी अर्जुनवर बोट ठेवलं. "ह्यो घे. छाती भरल्याली हाय ह्येची. बाकीचे दोन बसके हायेत."

मलाही ते पटलं. म्हटलं, इतकी वर्षं नोकरी केली, सरकार काय बारकासा चालवायला देईल? शिवाय नाव आपलं, देशात बनलेला. मी ऑर्डर टाकली. आता लिहिताना हसू येतं, पण तेव्हा मोठं काम फत्ते केल्यासारखं वाटलं होतं.

पार्सल आलं तेव्हा हे आतल्या खोलीत झोपले होते. डबा चांगला पाटीएवढा मोठा, वर रणगाड्याचं रंगीत चित्र, माळरानावर धूळ उडवत चाललेला. मी कात्री घेतली, तर सासूबाईंनी माझं मनगट धरलं. "थांब. लेकाची गाडी हाय. तशीच उघडती व्हय?"

आमच्याकडं नवी वस्तू दारात आली की तिला हळदकुंकू लागतं. ट्रॅक्टर असो, मोटारसायकल असो नाहीतर मिक्सर. माझ्या शाळेत कॉम्प्युटर आले तेव्हा त्यांच्या काचांवरही आम्ही स्वस्तिक काढलंय. त्यामुळं मला त्यात काही वावगं वाटलं नाही, उलट डोळ्यांत पाणी आलं. डबा पाटावर ठेवला. सासूबाईंनी कुंकू भिजवून ठळक स्वस्तिक काढलं, हळदीची पाच बोटं ओढली, चार कोपऱ्यांखाली चार लिंबं ठेवली, उंबऱ्यावर नारळ फोडला आणि ते पाणी डब्यावर चांगलं शिंपडलं. पुठ्ठा पाणी प्यायला. मी हात जोडून उभी होते. मी, बी.एड. झालेली बाई!

मंग हे उठले. त्यांना खुर्चीत बसवून डबा मांडीवर ठेवला. मी म्हटलं, "बघा तर खरं, काय आणलंय."

हे बघत राहिले. डावा हात चित्रावरून फिरवला. ओळखलं, रणगाडा आहे हे ओळखलं, चेहरा असा काही उजळला की सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. मंग डब्याची बाजू वळवून बघितली. तिथं रणगाड्याचं बाजूनं काढलेलं चित्र होतं, पडदा नसलेलं, सगळी चाकं दिसणारं. यांनी एकेका चाकावर बोट ठेवत नेलं, आणि शेवटच्या चाकावर अंगठा दाबून धरला.

"बराबर," हे म्हणाले.

मी म्हटलं, "आवडला ना?"

"बराबर." अंगठा तिथंच. मला वाटलं तिथं कुंकवाचा ओघळ आलाय, तो दाखवताहेत. ओलं फडकं आणून पुसलं. यांनी माझा हात बाजूला सारला, पुन्हा पहिल्या चाकापासून बोट नेलं आणि पुन्हा शेवटचं चाक अंगठ्यानं झाकलं. "बराबर!" आवाज चढला होता. तिसऱ्यांदा तेच. पोरांना एक गणित तीनदा सांगूनही कळलं नाही की मी फळ्यावर डस्टर आपटते. इथं मी त्या पोराच्या जागी होते.

चौथ्या वेळी मी चाकं मोजली. सात होती. एक झाकलं की सहा.

"सहा पाहिजेत? हे एक जास्तीचं हाय?"

"बराबर, बराबर!" डोळ्यांतून पाणीच आलं त्यांच्या. खात्री करायला म्हणून मी विचारून बसले, "म्हणजे सहाच ना? पाच नाहीत ना?" आणि तोंडातून "बराबर" निघाल्यावर हे स्वतःवरच असे चिडले की डबा खाली गेला आणि डाव्या मुठीनं खुर्चीचा हात बडवायला लागले. मी मूठ धरली. बरोबर उत्तर माणसाच्या आत होतं, मी दाराशी उभी होते, आणि प्रश्न कसा विचारावा तेच मला येत नव्हतं.

डबा परत पाठवायचं ठरवलं. परत न्यायला आलेल्या पार्सलवाल्यानं डबा हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला. "म्याडम, ह्याची तर पूजा झाल्ती वाटतं."

"मंग? आत कुणी हात लावलेला नाही."

"ते बराबर हाय, पण वर कुंकू हाय, हळद हाय, पुठ्ठा फुगून राह्यला. कंपनी घेत न्हाई असं." तो बिचारा हसू दाबत होता. मी त्याच्याशी भांडले. देवाधर्माचं काढलं, माणुसकीचं काढलं. तो "बिलकुल घेत न्हाई, म्याडम" म्हणत चप्पल घालून गेला. सासूबाई आतून म्हणाल्या, "पूजेची वस्तू माघारी धाडायचीच नसती." आता यावर काय बोलणार, सांगा. तो अर्जुन अजून आमच्या देवघराच्या फळीवर आहे.

सहा चाकांचा कोणता म्हणून शोधायला गेले, तर टी-७२ लाही सहा आणि टी-९० लाही सहा. दोन्ही बसके, दोन्ही हिरवे. दोन दिवस ते दोन फोटो बघून माझं डोकं उठलं. पुन्हा चुकीचा डबा यांच्या मांडीवर ठेवायचा माझ्यात धीर नव्हता. तिसऱ्या दिवशी शाळेतून आले आणि कपाटातली जुनी लग्नपत्रिका शोधून काढली. यांच्या रणगाड्याचे कमांडर, अकोल्याकडचे, आता रिटायर झालेले रिसालदार साहेब, त्यांच्या मुलीच्या लग्नाची. आम्ही गेलो नव्हतो. खाली नंबर होता.

मी नाव सांगितल्याबरोबर साहेब ओरडलेच, "वहिनी! अहो कुठं आहात तुम्ही लोक? त्याचा फोन बंद, पत्ता नाही!" मी लकव्याचं सांगितलं. मंग म्हणाले, "आठ महिने? आणि आम्हाला आज सांगता?" मी ऐकून घेतलं. मंग मन घट्ट करून मूळ प्रश्न विचारला.

ते हसले नाहीत. "टी-७२, वहिनी. शिकताना दुसरा होता, पण नोकरी सगळी टी-७२ वरच. अकरा वर्षं तर आमची एकच गाडी. तीन माणसं. मी, एक तोफेवर आणि हा ड्रायव्हर." मंग म्हणाले, "तुम्ही अजून जीपमध्ये पुढच्या सीटवर बसत नाही का?"

मी गारच पडले. भोकरदन रस्त्यावर एकदा माझ्या शेअर जीपला अपघात होता होता राहिला होता, तेव्हापासून मी पुढं बसत नाही. हे यांच्याशिवाय घरात कुणाला धड माहीत नाही.

"सगळं सांगायचा," साहेब म्हणाले. "तुमच्या वर्गात किती पोरं, कोणतं पोर तुम्हाला त्रास देतं, इन्स्पेक्शन आलं की तुम्ही जेवत नाही. तासन् तास त्या पत्र्यात बसून दुसरं करणार काय? आम्हाला तुमचं वेळापत्रक पाठ होतं." मी फोन कानाला लावून उंबऱ्यावर बसले. यांना माझं सगळं पाठ होतं, आणि मला यांच्या गाडीची चाकं मोजता आली नव्हती. मला रडू आलं, ते मी दाबलं नाही.

टी-७२ चा डबा पुढं आला, सासूबाईंना त्याच्या जवळ फिरकू दिलं नाही, आणि तो आता हळूहळू जोडून होतोय. निवड झाली म्हणजे सगळं झालं, असं मला तेव्हा वाटलं होतं. पण त्याच फोनवर शेवटी साहेब म्हणाले, "त्याला दाखवा की मला," आणि मी व्हिडिओ लावून मोबाइल यांच्यासमोर स्टुलावर उभा केला.

साहेबांना बघून यांचं तोंड वाकडं झालं, हसायला गेले आणि रडले. "बराबर, बराबर," एवढंच चाललं होतं. साहेबही डोळे पुसत होते. मला म्हणाले, "वहिनी, झाकण लावलं की ड्रायव्हरला बाहेरचं हातभर दिसतं, तेही फटीतून. पुढं खड्डा आहे का भिंत, त्याला माहीत नसतं. कमांडरनं कानात सांगायचं आणि यानं न्यायचं. मी हॉल्ट म्हटल्याशिवाय हा कधी थांबला नाही. एकदा पण नाही." आणि काय मनात आलं कुणास ठाऊक, त्यांनी आवाज बदलला. "ड्रायव्हर! इंजन स्टार्ट!"

हे खुर्चीत ताठ झाले. डावा पाय जमिनीवर दाबला गेला. डावा हात पुढं गेला आणि मूठ वळली, दांडा धरावा तशी. मी आठ महिन्यांत यांना असं बसलेलं बघितलं नव्हतं.

"ड्रायव्हर, आगे बढ़!"

पाय हळूच सुटला. हे पुढं झुकले, डोळे बारीक केले. "बाएँ," साहेब म्हणाले आणि डावी मूठ छातीकडं आली. "सीधा." मूठ परत गेली. "दाएँ," म्हटल्यावर उजवा खांदा थरथरला, हात मांडीवरच राहिला, पण खांद्यानं सगळा जोर लावला. साहेबांनी तो बघितला असावा. "शाबास! सीधा, आगे बढ़, आगे..."

पंखा थांबला. आमच्याकडं लाइट गेली की पाठोपाठ टॉवरही जातो. साहेबांचा चेहरा पडद्यावर अर्धा अडकला आणि मंग तोही गेला.

हे चालवत होते. नजर समोर, मूठ घट्ट. मला आधी बरंच वाटलं, चालवू द्या म्हटलं. मंग कपाळावर घाम आला. मान ताठ, पाय कापायला लागला, श्वास मोठा झाला. मी म्हटलं, "अहो, थांबा आता." हे थांबले नाहीत. "बस झालं. थांबा हो. रुको. थम." शाळेच्या परेडमधलं जे जे येत होतं ते सगळं म्हटलं. शेवटी साहेबांचा शब्दही म्हटला, "हॉल्ट! ड्रायव्हर, हॉल्ट!" माझ्या त्या बाईमाणसाच्या आवाजात तो कसा निघाला ते मलाच ऐकवेना. यांनी ऐकलं, डोळ्यांच्या कडेनं क्षणभर माझ्याकडं बघितलं, आणि पुन्हा नजर समोर घेतली. यांना तो हुकूम माझ्याकडून घ्यायचा नव्हता, किंवा घेता येत नव्हता.

मी साहेबांचा नंबर पुन्हा पुन्हा लावला. रेंज नव्हती. सासूबाई दारात येऊन विचारायला लागल्या, "काय करून राह्यला गं त्यो?" मी खुर्ची ओढली, यांच्या शेजारी बसले आणि त्यांच्यासारखंच समोर बघायला लागले. चार हातांवर घराची भिंत होती. हे सरळ तिच्याकडं गाडी नेत होते.